दांडी, तार आणि एक नट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी माझ्या मागे मागे विमाने उडवायला यायचा, तेव्हा त्याच्याकडे फक्त पाण्याची बाटली सांभाळायचे काम असे. आता तो स्वतः विमान बांधायला निघाला होता. म्हणाला, "काका, अडीच मीटर पंखांचं विमान करतोय, रेडिओवर चालणारं. वजन नऊ-दहा किलो भरेल. सर्व्हो वीस किलोचा घेऊ की तीसचा?"

सर्व्हो म्हणजे विमानाच्या पोटात बसणारी छोटी मोटर. जमिनीवरून आपण काडी हलवली की विमानात सर्व्होचा हात हलतो, आणि तो हात शेपटीचे किंवा पंखांचे पडदे हलवतो. मी त्याला म्हटले, "सर्व्होचं नंतर बघू. सर्व्होपासून पडद्यापर्यंत दांडी कोणती टाकणार आहेस?"

"दांडी? ती काय, सायकलचा स्पोक आहे ना घरात."

मी क्षणभर गप्प बसलो. कारण पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिले असते. नुसते दिले असते असे नाही, तसे केलेही होते. त्या स्पोकची गोष्ट सांगतो, आणि मग त्याच्या मागे असलेला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास.

मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये नोकरी केली. छोटी विमाने उडवण्याचा नाद तरुणपणापासूनचा. एक-दीड किलोची विमाने होती, त्यात स्पोक उत्तम चालायचा. सरळ असतो, स्वस्त असतो आणि एका टोकाला आटे तयारच असतात. मग २००९ साली मी पहिले मोठे विमान केले. पेट्रोलचे इंजिन, आठ किलो वजन. नियंत्रणाच्या दांड्या मात्र सवयीने त्याच ठेवल्या. पैठणच्या वाटेला एका ओळखीच्या शेतकऱ्याचे पडीक रान होते, तिथे आम्ही उडवायचो. विमान उंचावरून खाली सूर मारून पुन्हा वर घ्यावे म्हणून मी काडी मागे ओढली. विमान वर आलेच नाही. काडी पूर्ण मागे होती, इंजिन चालू होते, रेडिओ चालू होता, आणि विमान सरळ जमिनीत गेले. तिथून तीस पावलांवर शेळ्या राखणारा दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा उभा होता. तो टाळ्या वाजवत हसला. त्याला वाटले, हाही खेळातलाच भाग. मला त्या रात्री झोप लागली नाही.

अवशेष गोळा करून घरी आणले. सर्व्हो शाबूत होता, बॅटरी शाबूत होती. शेपटीकडे जाणारा स्पोक मात्र धनुष्यासारखा वाकलेला होता. पडल्यामुळे वाकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. नाशिकजवळ ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना आहे. तिथून निवृत्त झालेले माझे एक ज्येष्ठ स्नेही होते. त्यांना तो स्पोक दाखवला. त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि विचारले, "आधाराशिवाय लांबी किती होती?" मी म्हटले, "तीस सेंटिमीटर." "जाडी?" "दोन मिलिमीटर."

लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली एक हिशेब मांडला. बारीक, लांब खांबावर वरून भार दिला, तर तो चिरडण्याच्या कितीतरी आधी बाजूला वाकतो. तो भार किती, हे काढण्याचे सूत्र त्याने दिले. आमच्या स्नेह्यांनी त्या सूत्रात माझा स्पोक बसवला. उत्तर आले पावणेदोन किलो. म्हणजे पावणेदोन किलोपेक्षा जास्त जोराने ढकलले की तीस सेंटिमीटरचा पोलादी स्पोक वाकणार. माझा सर्व्हो त्या दांडीवर सहा-सात किलोचा जोर सहज देत होता. सर्व्होने आपले काम केले. त्याचा हात पूर्ण फिरला. तो सगळा फेर स्पोकने वाकून गिळून टाकला आणि पडदा जागेवरच राहिला.

"आणि तुमची जोडणी अशी," ते म्हणाले, "की विमान वर घेताना दांडी ढकलली जाते. ओढली जाणारी ठेवली असती, तर हाच स्पोक पन्नास किलोलासुद्धा तुटला नसता. सायकलचं चाक बघा ना. स्पोक तिथे कायम ताणलेला असतो, त्याला कुणी ढकलत नाही."

सायकल दुरुस्त करण्यात ज्यांची उमर गेली होती, त्या दोन भावांना ही गोष्ट फार आधी कळली होती. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकलवाले. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले. त्यात वैमानिक पालथा झोपत असे. कमरेखालची चौकट तो डावी-उजवीकडे सरकवी, आणि तिला बांधलेल्या तारा पंखांची टोके पिळत व मागचे सुकाणू वळवत. सगळा कारभार तारांचा आणि पुल्यांचा. एक तार एका बाजूला ओढते, दुसरी उलट बाजूला. कुठल्याही तारेला ढकलायचे काम नाही. तार कितीही बारीक असली तरी ओढताना वाकायचा प्रश्नच येत नाही.

आपल्याकडे ज्यांनी जुनी चेतक स्कूटर चालवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि आमच्या शहरात स्कूटर घरोघरी दिसू लागली. चेतकच्या डाव्या मुठीतून गिअरच्या दोन तारा खाली जात. मूठ वर फिरवली की एक ओढली जाई, खाली फिरवली की दुसरी. त्यातली एक ढिली पडली की गिअर अडकत. मेकॅनिक बसून दोन्ही तारांचा ताण सारखा करी. मोठ्या मॉडेल विमानाच्या सुकाणूला आजही अशाच दोन तारा लावतात. फक्त एक पथ्य असते. पडद्यावरच्या शिंगाचे भोक, म्हणजे जिथे तार अडकते ती जागा, बरोबर बिजागरीच्या रेषेत हवी. ती मागेपुढे झाली, तर पडदा वळताना एक तार जेवढी ओढली जाते तेवढी दुसरी सुटत नाही, आणि ताण बिघडतो.

पण तारांचाही धोका राइट बंधूंनाच आधी भोगावा लागला. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिल अमेरिकी लष्कराला विमान दाखवत होते. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज बसले होते. पंख्याचे एक पाते चिरले, थरथरू लागले आणि सुकाणूला ताण देणाऱ्या तारेवर आदळले. तार सुटली, सुकाणू भलतीकडे फिरले आणि विमान कोसळले. ऑर्व्हिल यांचा पाय मोडला, बरगड्या मोडल्या. सेल्फ्रिज दगावले. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मरण आलेला हा जगातला पहिला माणूस. पंख मोडला नव्हता, इंजिन थांबले नव्हते. गेली होती एक तार.

पुढे विमाने मोठी झाली तसे एक नवे संकट पुढे आले. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इंग्लंडमधल्या हँडली पेज कंपनीच्या दोन इंजिनांच्या मोठ्या बाँबफेकी विमानाची शेपटी हवेत भयंकर हलू लागली. शेपटीवर डावा आणि उजवा असे दोन एलेव्हेटर असतात, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करणारे पडदे. या विमानात दोन्ही पडदे वेगवेगळ्या तारांनी वैमानिकाच्या दांड्याला जोडलेले होते. फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याला चौकशीला बोलावले. हा मूळचा मोटारगाड्या बनवणारा माणूस. त्याने पाहिले की एक पडदा वर जातो तेव्हा दुसरा खाली जातो, आणि त्या झुलण्याला वारा स्वतःच खतपाणी घालतो. प्रत्येक हेलकाव्याबरोबर हवा थोडी शक्ती देते, म्हणून हेलकावा वाढतच जातो. त्याचा उपाय अगदी साधा होता. दोन्ही पडदे एका दणकट नळीने एकमेकांना जोडून टाका, म्हणजे ते उलटसुलट हलूच शकणार नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीच्या विमानाला हाच रोग झाला, माणसे गेली, आणि उपायही हाच लागला.

या रोगाला फ्लटर म्हणतात. आपण फडफड म्हणू. बैलगाडीच्या मागे बांधलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडते तशी, पण सेकंदाला कितीतरी वेळा आणि इतक्या जोराने की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पडदा तुटून जातो. १९२० नंतरच्या काही वर्षांत हॉलंडमधल्या संशोधकांनी दुसरा उपाय दाखवला. पडद्याचे वजन बिजागरीच्या मागे लोंबकळत असेल तर फडफड लवकर सुरू होते, म्हणून बिजागरीच्या पुढे थोडे वजन लावून तोल साधायचा.

आपल्या देशाच्या विमान-इतिहासातला एक टप्पाही याच काळातला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. त्यांचे विमान पस मॉथ जातीचे होते. त्याच सुमारास जगात इतरत्र या जातीची काही विमाने हवेतच मोडली होती. तपासाअंती पंखाला आधार देणाऱ्या दांड्याला एक छोटी जोड-कांब देऊन तो ताठ करावा लागला. लांब दांड्याला मध्येच आधार दिला की त्याची वाकण्याची ताकद कितीतरी वाढते. ऑयलरचाच नियम आहे हा. लांबी निम्मी झाली की दांडी चौपट भार सोसते. माझा स्पोक मध्यावर एका लाकडी पट्टीतून पक्का ओवला असता, तरी तो पावणेदोनऐवजी सात किलो सोसू शकला असता.

रेडिओवरचे विमानही याच दशकातले. १९३५ साली ब्रिटिशांनी टायगर मॉथवरून क्वीन बी नावाचे बिनवैमानिकाचे विमान तयार केले. तोफांना नेमबाजीचा सराव देण्यासाठी ते होते. अमेरिकेत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये आठ फूट पंखांचे रेडिओ-विमान उडवले. ते आज तिथल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळात सुकाणू हलवायला पिळलेल्या रबराची शक्ती वापरत. एवढ्याशा शक्तीपुढे दांडी वाकण्याचा सवालच नव्हता. दांडी हलकी असावी आणि सहज हलावी, एवढेच पाहिले जाई. माझ्यासारख्यांच्या हाती जी सवय आली, ती या हलक्या विमानांची. १९६० नंतर काडी जेवढी हलवावी तेवढाच पडदा हलवणारे सर्व्हो आले. पुढे मोठी पेट्रोल इंजिने आली, आणि सर्व्होची ताकद दहापट झाली. आम्ही सर्व्हो बदलले, इंजिने बदलली आणि दांडी विसरलो.

त्या मुलाला मी हे सगळे सांगितले आणि मग त्याच्याबरोबर बसून हिशेब केला. वीस किलोचा सर्व्हो म्हणजे आसापासून एक सेंटिमीटरवर वीस किलो. हात अडीच सेंटिमीटरचा घेतला तर टोकाशी जोर आठ किलो. तीस सेंटिमीटरची दांडी घ्यायची तर दोन मिलिमीटरची पावणेदोन किलोला वाकते, तीन मिलिमीटरची सुमारे नऊ किलोला, आणि चार मिलिमीटरची अठ्ठावीस किलोला. जाडी दुप्पट झाली की ताकद सोळापट होते. "म्हणजे तीनची चालेल ना काका?" तो म्हणाला. मी म्हटले, "आठाला नऊ? एवढ्या काठावर कशाला राहायचं? चारची घे. त्यापेक्षा बरं म्हणजे सर्व्होच शेपटीत पडद्याजवळ बसव आणि दांडी दहा सेंटिमीटरची कर."

दांडी ताठ झाली म्हणजे सगळे झाले असे नाही. टूलरूममध्ये आम्ही ज्याला 'प्ले' म्हणतो, तो म्हणजे जोडणीतला ढिलेपणा. भोक थोडे मोठे, पिन थोडी बारीक, की दांडी न हलता पडदा हलतो. पडद्यावरचे शिंग अडीच सेंटिमीटर उंच असेल आणि एक मिलिमीटर प्ले असेल, तर पडदा सव्वादोन अंश मोकळा झुलतो. फडफडीला सुरुवात करायला एवढी जागा पुरते. शिंग उंच घेतले की तोच प्ले कमी अंशांचा होतो आणि दांडीवरचा जोरही कमी होतो. म्हणून सर्व्होचा हात आखूड आणि पडद्याचे शिंग उंच ठेवायचे. पहारीने दगड हलवताना आपण लांब टोक हातात धरतो, तीच ही गोष्ट. टोकांना प्लास्टिकच्या चिमट्यांऐवजी धातूचे बॉल जॉइंट हवेत, आणि शिंग नुसते चिकटवलेले नको, बोल्टने आरपार आवळलेले हवे.

आता राहिला नट. १६ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेत रेनो इथे विमानांच्या शर्यती चालू होत्या. गॅलपिंग घोस्ट नावाचे महायुद्धकालीन मस्टँग विमान ताशी ८०० किलोमीटरच्या पुढे धावत होते. त्याच्या एलेव्हेटरवर एक छोटा पडदा होता, तो फडफडू लागला, त्याची जोडणी तुटली आणि विमान प्रेक्षकांत कोसळले. वैमानिकासह अकरा माणसे गेली, साठाहून जास्त गंभीर जखमी झाली. चौकशीत काय निघाले? त्या पडद्याचे स्क्रू धरणारे नट जुने होते. आतल्या बाजूला पकड ठेवणारे कडे असलेले हे नट. आमच्याकडे असे नट नायलॉक म्हणून मिळतात. असा नट काढून पुन्हा लावला की त्याची पकड कमी होते. ते पुन्हा वापरलेले होते, त्यांची पकड गेली होती. स्क्रू ढिले झाले, पडद्याचा ताठपणा गेला आणि फडफड सुरू झाली.

त्याआधी ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतच शार्लट विमानतळावर एक छोटे प्रवासी विमान उडताच कोसळले होते. सर्व एकवीस जण गेले. विमानात भार जास्त आणि मागच्या बाजूला होता. पण त्याहून मोठी चूक अशी की दोन दिवसांपूर्वीच्या दुरुस्तीत एलेव्हेटरच्या तारांचे टर्नबकल, म्हणजे ताण कमी-जास्त करण्याचे फिरकीचे जोड, चुकीचे बसवले गेले होते. नाक खाली करायला पडदा जेवढा वळायला हवा होता, तेवढा वळलाच नाही. तार मजबूत होती. तिची लांबी चुकली होती, आणि नंतर पडदा पूर्ण वळतो की नाही याची तपासणी कुणी केली नव्हती.

हे प्रसंग ऐकताना तो मुलगा गंभीर झाला. म्हणाला, "पण काका, ही खरी विमानं. आपलं तर खेळणं." मी त्याला आणखी एक हिशेब करायला लावला. दहा किलोचे विमान ताशी शंभर किलोमीटर वेगाने येते, तेव्हा त्याचा आघात तेवढेच वजन एकोणचाळीस मीटर उंचीवरून टाकल्यासारखा असतो. म्हणजे साधारण तेराव्या मजल्यावरून दहा किलोची गोणी खाली सोडावी तसा. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये छंदासाठी, शिक्षणासाठी, डोळ्यांसमोर उडवायच्या मॉडेलची वजनमर्यादा २५ किलो आहे. विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि आठ किलोमीटरच्या आत तर आधी परवानगीच लागते. चिकलठाण्याच्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पण दांडी केवढी आणि नट कोणता, हे कुठलाही नियम तुमच्या घरी येऊन तपासत नाही.

त्याचे विमान संक्रांतीच्या सुमारास तयार झाले. दांड्या चार मिलिमीटरच्या, आखूड. दोन्ही एलेव्हेटरना स्वतंत्र सर्व्हो, आणि मध्ये जोडणारी नळी. सगळे नट कोरे. पहिल्या उड्डाणाआधी मी त्याला एक साधी तपासणी दाखवली. सर्व्हो चालू करायचा, पडदा हाताने पकडायचा आणि जोर लावून हलवून बघायचा. पडदा जरा जरी हलला, दांडी जरा जरी वाकली, तर विमान परत घरी न्यायचे. मग एकेक काडी टोकापर्यंत नेऊन पडदा योग्य बाजूला आणि पूर्ण वळतो का ते पाहायचे. त्याने पाहिले. उजवा एलेव्हेटर दीड-दोन अंश हलत होता. शिंगाच्या भोकाला प्ले होता.

मला वाटले, पोरगा म्हणेल एवढ्याशाने काय होतंय. मित्रमंडळी मोबाइल काढून उभी होती, वारा पडलेला होता, दिवस उत्तम होता. त्याने काही न बोलता पंख सोडवले आणि विमान गाडीत ठेवले. रानाच्या कडेला शेतकऱ्याची नातवंडे उडण्याची वाट बघत बसली होती, त्यांना म्हणाला, "पुढच्या रविवारी या रे."

पुढच्या रविवारी ती पोरे आली होती. आम्ही त्यांना आधी आमच्या मागे, चांगले पन्नास पावले दूर, बांधावर बसवले आणि मगच इंजिन चालू केले.